"छोट्या विमानतळाला वीस वर्षांचा प्लॅन कशाला?" या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. ज्यांच्या मताला मी किंमत देतो अशा दोन-तीन जणांनीही तो पुढे ढकललेला बघितला, म्हणून बसून लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: "खेड्यातल्या छोट्या विमानतळाला वीस वर्षांचा मास्टर प्लॅन म्हणजे नुसते कागदी घोडे. दिवसाला चार विमानं उतरत नाहीत तिथं कसलं प्लॅनिंग? त्यापेक्षा रनवे लांब करा, मोठी विमानं आपोआप येतील. कुंपणाबाहेर कोण काय बांधतंय त्याच्याशी विमानतळाला काय करायचंय? रनवे वापरातच नाही तर खराब कसला होणार? आणि वीस वर्षांनी सगळं इलेक्ट्रिक होणार, तेव्हा आजचे अंदाज रद्दीत जाणार. तोट्यात असेल तर सरळ बंद करा."

मी काही वर्षं अशाच छोट्या विमानतळांचे लेआउट काढायच्या कामात होतो. त्यामुळे यातलं प्रत्येक वाक्य कुठून येतं ते मला कळतं, आणि ते कुठे चुकतं तेही डोळ्यांनी बघितलंय.

"दिवसाला चार विमानं" इथून सुरू करू. लोकांना वाटतं मास्टर प्लॅन म्हणजे काचेच्या टर्मिनलचं रंगीत चित्र. छोट्या विमानतळाच्या प्लॅनमध्ये खरा जीव असतो तो रिकाम्या ठेवायच्या जागेत. पुढे कधी टॅक्सीवे (विमानाला रनवेपर्यंत नेणारा रस्ता) लागला तर तो कुठून जाईल, एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, कुठल्या बाजूला वाढेल, इंधनाची टाकी कुठे ठेवली म्हणजे दहा वर्षांनी उखडावी लागणार नाही, एवढंच ठरवायचं आणि ती पट्टी मोकळी ठेवायची. मोठ्या विमानतळाकडून चूक झाली तर तो पैसे ओतून दुरुस्त करतो, छोट्याकडे तेवढे पैसे नसतात, त्यामुळे एकदा चुकलं की ते चुकलेलंच राहतं. एका ठिकाणी मी बघितलंय, रनवेला समांतर टॅक्सीवे जिथून जायला हवा बरोब्बर त्याच रेषेत कोणीतरी दोन हँगर बांधून ठेवलेले, जागा सपाट होती आणि रस्त्याला जवळ होती एवढंच कारण. आता तिथं उतरलेलं विमान रनवेवरच उलटं वळून परत येतं आणि तोवर दुसऱ्याला ना उतरता येतं ना उडता येतं. विमानं चारच असली तरी त्यातली दोन एका वेळी आली की एक वर घिरट्या घालतं. हँगर पाडायचे तर भाडेकराराची अजून बरीच वर्षं बाकी.

आणि विमानं मोजून विमानतळाची गरज ठरवणंच मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस १९२८ पासून दूरदूरच्या धावपट्ट्यांवर पेशंटसाठी विमानं उतरवतेय. अशा पट्टीवर महिन्यात एखादंच विमान येत असेल, पण ते रात्री येतं, पावसात येतं, आणि तेव्हा दिवे लागले पाहिजेत, पट्टीवर गुरं नकोत. वणवा विझवणारी विमानं, शोध आणि बचावाची विमानं यांचंही असंच, त्यांची संख्या सरासरीत दिसतच नाही.

आता "रनवे लांब करा, मोठी विमानं येतील". मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं कारण ऐकायला ते एकदम व्यवहारी वाटतं.

किती लांब करायचा हे उतरणारं विमान आणि तिथली हवा ठरवते. आयकाओ, म्हणजे १९४४ च्या शिकागो करारातून उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या मार्गदर्शनात एक ढोबळ हिशोब आहे: समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला रनवेची लांबी ७ टक्के वाढवा, आणि त्या उंचीवर जे प्रमाण तापमान धरतात त्याच्यावर प्रत्येक डिग्रीला आणखी १ टक्का. समजा ७० सीटचं टर्बोप्रॉप (पंख्यावर चालणारं) विमान आहे आणि समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत त्याला १,३०० मीटर लागतात. विमानतळ ६०० मीटर उंचीवर असेल तर झाले १,४८२. तिथलं प्रमाण तापमान साधारण ११ डिग्री, आणि सगळ्यात गरम महिन्यातल्या दुपारच्या कमाल तापमानाची सरासरी ३६ असेल तर २५ डिग्री जास्त, म्हणजे आणखी २५ टक्के, म्हणजे साधारण १,८५० मीटर. विमान तेच, सीटा तेवढ्याच, आणि रनवे साडेपाचशे मीटर लांब! वर आयकाओ असंही सांगते की उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांच्या वर गेली तर या ढोबळ हिशोबावर विसंबू नका, त्या जागेचा वेगळा अभ्यास करा. वरच्या उदाहरणात ती ४२ टक्क्यांच्या पुढे गेलीय. आता सांगा, हा हिशोब न करता "पाचशे मीटर वाढवून टाका" म्हणणाऱ्याने नेमकं काय वाढवलं? उन्हाळे आणखी तापत चाललेत तेव्हा वीस वर्षांनंतरचं तापमान धरणं तर अजूनच गरजेचं.

दुसरं, रनवे एकटा वाढत नाही. त्याच्या टोकापुढे ६० मीटरची स्ट्रिप, म्हणजे मोकळी सपाट पट्टी, लागते, त्यापुढे रेसा म्हणजे विमान घसरून पुढे गेलं तर त्याला सावरायची सुरक्षित जागा, लांब रनवेला ती किमान ९० मीटर आणि शिफारस २४० मीटरची. म्हणजे टोकाला लागून रस्ता किंवा ओढा असेल तर कागदावरचे पाचशे मीटर प्रत्यक्षात दोनशेच मिळतात. विमानाची लांबी वाढली की फायरची कॅटेगरी (आग विझवायची तयारी किती हवी त्याची पायरी) पण वाढते: २८ मीटरच्या आतलं टर्बोप्रॉप कॅटेगरी ५ मध्ये बसतं आणि एका फायर टेंडरवर (बंबावर) भागतं, पण साधं १८० सीटचं जेट आलं की कॅटेगरी ६, दोन टेंडर, आणि त्यातला पहिला रनवेच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचला पाहिजे. ती माणसं रोज, बाराही महिने पगारावर असतात, विमान आठवड्यातून दोनदा आलं तरी.

आणि वारा. वाऱ्याकडे कोणी बघतच नाही. रनवे अशा दिशेला हवा की आडव्या वाऱ्यामुळे तो ५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ निकामी होता कामा नये, आणि त्यासाठी शक्यतो किमान पाच वर्षांच्या, दिवसातून निदान आठ वेळा घेतलेल्या नोंदी वापराव्यात अशी आयकाओची शिफारस आहे. हलक्या विमानांना आडवा वारा फार कमी चालतो, छोट्या रनवेच्या हिशोबात ताशी १९ किलोमीटरच धरतात. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर २०१६ साली नवा विमानतळ बांधून तयार होता, चाचणीच्या उड्डाणांत वाऱ्याचे झटके इतके निघाले की उद्घाटन पुढे ढकलावं लागलं, नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये, आणि तीही आधी ठरवलं होतं त्यापेक्षा छोट्या विमानाने.

"आपोआप येतील" याचं उत्तर स्पेनमध्ये आहे. सिउदाद रेआलचा विमानतळ, सुमारे चार किलोमीटरचा रनवे, २००८ ला सुरू आणि २०१२ ला बंद. श्रीलंकेतलं मत्तला, २०१३ ला उघडलं, साडेतीन किलोमीटरचा रनवे, आणि जगातला सगळ्यात रिकामा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून नाव झालं. उलट नॉर्वे बघा, तिथं १९६० च्या दशकाअखेरीपासून जेमतेम ८०० मीटरच्या रनवेंचं जाळं उभं राहिलं आणि विडेरो कंपनीची छोटी डॅश-८ प्रवासी विमानं त्यातल्या कित्येक गावांना आजही जोडतात. विमान रनवेला साजेसं निवडलं, रनवे स्वप्नातल्या विमानाएवढा बांधला नाही. अमेरिकेच्या एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचा, एक नियम मला फार आवडतो: ज्या विमानासाठी तुम्ही डिझाइन करताय त्याच्या वर्षाला निदान ५०० फेऱ्या तरी व्हायला हव्यात किंवा होणार असं दाखवता आलं पाहिजे, उतरणं ही एक फेरी आणि उडणं ही दुसरी धरून. एखादा पाहुणा एकदा मोठ्या जेटने येणार म्हणून रनवे लांब होत नाही.

पुढचा मुद्दा, "कुंपणाबाहेर काय का होईना". अहो, विमान कुंपणाच्या आत हवेतून टपकत नाही, ते बाहेरून खाली येत येत आत पोचतं. रनवेच्या स्ट्रिपच्या टोकापासून बाहेर एक कल्पित उतार काढतात आणि त्याच्या वर काहीही डोकावायला नको असतं. पायलट नुसत्या डोळ्यांनी बघून उतरणार असेल तर मध्यम लांबीच्या रनवेला (१,२०० ते १,८०० मीटर) हा उतार साधारण ३० ला १ असतो, म्हणजे एक किलोमीटरवर ३३ मीटर उंचीपर्यंत बांधकाम चालतं. पण इन्स्ट्रुमेंट अप्रोच आणायचा, म्हणजे ढग खाली आले तरी उतरता यावं असं करायचं, तर तोच उतार ५० ला १ लागतो आणि त्याच एक किलोमीटरवर मर्यादा येते २० मीटरवर. आज कोणी तिथं २८ मीटरची इमारत किंवा टॉवर उभा केला तर तो आजच्या नियमात बसतो, सगळ्या परवानग्या रीतसर मिळतात, आणि दहा वर्षांनी विमानतळाला कळतं की त्या टोकाकडून इन्स्ट्रुमेंट अप्रोच अडकला. मग थ्रेशोल्ड (जिथून उतरायचा भाग सुरू होतो ती रेषा) पुढे सरकवा, म्हणजे आहे तोच रनवे उतरताना आखूड करा, नाहीतर ढगाळ दिवशी विमान परत पाठवा. आता सॅटेलाइटवरून अप्रोच करता येतो, रनवेपाशी महागडी यंत्रं बसवायची गरज राहिलेली नाही, म्हणजे छोट्या विमानतळाला पहिल्यांदाच हे परवडण्यासारखं झालंय, आणि नेमकी तीच संधी कुंपणाबाहेरच्या एका इमारतीपायी जाते. मला याचा खरंच राग येतो, कारण ही इमारत थांबवायला प्लॅनमधला एक नकाशा पुरला असता, तो वेळेत बांधकाम परवानगी देणाऱ्या ऑफिसात पोचायला हवा होता एवढंच.

कचरा डेपोचंही तसंच. कचरा आला की पक्षी आले, आणि पक्षी इंजिनात. एफएए सांगते की टर्बाइन विमानं (जेट आणि टर्बोप्रॉप) येत असतील तर असल्या जागा १०,००० फूट, म्हणजे तीन किलोमीटर तरी लांब ठेवा. गावाबाहेरची स्वस्त जागा बघून विमानतळ होतो आणि तीच स्वस्त जागा बघून डेपो पण होतो, म्हणून हे दोघं सारखे शेजारी येतात.

"वापरात नाही तर खराब कसला होणार" हे साफ चूक आहे. डांबर उन्हाने आणि हवेने म्हातारं होतं, कडक पडतं, भेगा जातात, भेगेतून पाणी खाली भरावात उतरतं, मग गवत उगवतं, खडी सुटते आणि ती सुटलेली खडी प्रोपेलरला लागते. विमानं नसली तरी हे चालूच राहतं. साधारण २० वर्षांचं आयुष्य धरून रनवेचं डांबरीकरण डिझाइन करतात, पण ते मिळतं मधेमधे भेगा भरल्या, पाण्याचे चर साफ ठेवले तर. भेगा भरायचा खर्च आणि पूर्ण रनवे उकरून परत करायचा खर्च यांची तुलनाच नाही. कुठल्या वर्षी काय दुरुस्ती करायची आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे लिहिलेलं एक पान मला अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

"वीस वर्षांनी सगळं इलेक्ट्रिक". होईलही काही प्रमाणात. वेलिस इलेक्ट्रो नावाच्या दोन सीटच्या विमानाला २०२० साली युरोपची मान्यता मिळाली, शिकाऊ उड्डाणांत ते उडतंय. शिशाचं इंधन पण जातंय: पिस्टन विमानांच्या पेट्रोलात जे टेट्राइथाइल लेड असतं ते युरोपीय संघात १ मे २०२५ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, अमेरिकेने २०३० अखेरचं उद्दिष्ट ठेवलंय. पण याच्यामुळे प्लॅन निकामी होत नाही. चांगला प्लॅन "२०३५ ला टर्मिनल" असं लिहितच नाही, तो लिहितो की फेऱ्या इतक्या झाल्या की एप्रन वाढवा, रात्रीची विमानं सुरू झाली की दिव्यांची लाइन बदला. चार्जर येणार असतील तर मोठ्या क्षमतेची वीज लागणार, म्हणून आज टॅक्सीवे खोदलाच आहे तर त्याच्याखालून एक रिकामा पाइप टाकून ठेवा. उद्याचं विमान कुठलं हे माहीत नसतानाही एवढं करता येतं.

राहिलं "तोट्यात आहे तर बंद करा". इथं मी एक गोष्ट मान्य करतो. सगळेच छोटे विमानतळ ठेवावेत असं मी म्हणत नाही, आणि फुगवलेले अंदाज घालून केलेले जाडजूड रिपोर्ट असतात हेही खरंय, सिउदाद रेआलला कागद काही कमी नव्हते. पण बंद करायचा निर्णय सुद्धा नीट आकडे मांडूनच घ्यायला हवा ना? उतरण्याची फी हा उत्पन्नाचा एक छोटा भाग झाला, त्याशिवाय हँगरचं भाडं, इंधन, रनवेपासून लांबच्या जागेवरचे भाडेकरार असतात, आणि तिथंच बहुतेक विमानतळ मार खातात कारण करार कोणी नीट वाचलेलेच नसतात. तीस वर्षांचा करार, भाडेवाढीचं कलम नाही, मुदत संपल्यावर हँगर कोणाचा ते लिहिलेलं नाही, आणि टॅक्सीवेसाठी जागा लागली तर परत घेण्याची सोय नाही. तोट्याचा ताळेबंद दाखवून बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी हे करार मागून घ्यावेत आणि कुठला कधी संपतोय ते लेआउटच्या नकाशावर मांडून बघावं.