आधी इंजिनिअरिंग कर, मग एमबीए बघू

पोस्ट मोठी आहे, लोकल लेट असेल तरच वाचा.

रविवारी भांडुपला ताईकडे जेवायला गेलो होतो आणि आमरस पानात पडायच्या आधीच भांडण सुरू झालं. भाचीला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ८८ पर्सेंटाइल आलेत, फिजिक्स-केमिस्ट्री ठीक गेलं पण मॅथ्सचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा, तिथे माती खाल्ली. तिला बीएमएस, म्हणजे बारावीनंतरची मॅनेजमेंटची डिग्री, करायचंय. आणि भाऊजींचं एकच पालुपद, आधी इंजिनिअरिंग कर, मग एमबीए कर, कोण अडवतंय? वर त्यांच्याकडे हुकमाचा पत्ता होता, २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, असेल, तर प्रोफेशनल कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. 'फुकट मिळतंय आणि ही नाही बोलते!'

मला विचारलं कारण खानदानात मी पहिला इंजिनिअर. मेकॅनिकल. आणि गेली बारा वर्षं सेल्समध्ये आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं.

मी पण असाच गेलो होतो ना, 'मग एमबीए बघू' म्हणून. फर्स्ट इयरला ड्रॉइंगची शीट नळकांड्यात घालून सकाळच्या फास्टला लटकायचो, तो मिनी ड्राफ्टर (रेघा मारायची लांब पट्टीवाली दांडी) दादरला उतरताना कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत जायचा आणि मग आईवरून शिव्या. शीट स्वतः काढलेली असायची असंही नाही, काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट छापायची, जीटी मारणे म्हणतात त्याला, करणाऱ्यांना माहितीये. एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, त्यात तीनदा नापास होऊन केटी लागली. लाप्लास ट्रान्सफॉर्म कशाला करतात हे मला चौथ्यांदा पास झाल्यावरही कळलं नव्हतं, फक्त कुठले सात प्रश्न फिरून फिरून येतात ते कळलं होतं. ज्यांना मशीन उघडून बघायची खाज होती ती पोरं त्याच वर्गात मजेत होती, म्हणजे दोष इंजिनिअरिंगचा नाही, मी वेटिंग रूम समजून तिथे बसलो होतो तो माझा दोष.

आणि एमबीएला इंजिनिअरिंग लागतं कुठे? मुंबईतल्या जमनालाल बजाजसारख्या नामी एमबीए कॉलेजला जायचं तरी एमबीएची सीईटी द्यायची, तिथे कुठलीही पदवी चालते. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचं, कॅटचं, गणित बरंचसं शाळेतलंच, टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम-वेग, फक्त घड्याळ लावून फिरवून विचारतात. उलट बऱ्याच आयआयएममध्ये शॉर्टलिस्ट करताना इंजिनिअर नसलेल्यांना डायव्हर्सिटीचे थोडे जास्त पॉइंट मिळतात, कारण सगळी रांग आमच्यासारख्यांनीच भरलेली असते.

आता खोटं कशाला बोलू, माटुंग्याच्या व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटरला नंबर लागला असता तर मी गप्प आमरस खाल्ला असता. १८८७ पासून चाललेल्या कॉलेजचं नाव आयुष्यभर कामाला येतं. पण ८८ ला ते मिळत नाही, मिळणार ते कर्जत साइडला कुठेतरी, भांडुपवरून रोज. फी नाही गेली तरी चार वर्षं तिचीच जाणार ना.

बीएमएसवाल्यांनी पण लगेच खूश होऊ नका. माझ्या चुलत भावाने तीन वर्षं फेस्टचे स्पॉन्सर शोधले, इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली मनालीला जाऊन आला आणि शेवटी बॅलन्स शीट वाचता येत नव्हती. सोपं आहे म्हणून जाणार असाल तर नका जाऊ, नुसत्या प्रेझेंटेशनवर कुणी पगार देत नाही. आणि नाव नीट बघा बाबांनो! २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) खाली आलं आणि त्याला वेगळी सीईटी लागली, तेव्हा मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, तिथे या सीईटीची भानगड नाही. पोरं जुन्या नावाने शोधत बसतात आणि तारखा निघून जातात.

भाचीबद्दल मला खात्री का आहे ते सांगतो. गेल्या वर्षी त्यांच्या सोसायटीच्या गणपतीचा हिशोब जुळत नव्हता, सतराशे रुपयांचा फरक. चार काका लोक रात्री बारापर्यंत कॅल्क्युलेटर बडवत बसले, एकमेकांवर घसरले. ही दुसऱ्या दिवशी वर्गणीची पावतीपुस्तकं आणि खर्चाची वही घेऊन जिन्यात बसली, एकेक पावती नंबरने लावली आणि तासाभरात सांगितलं की मंडपवाल्याचा ॲडव्हान्स दोनदा लिहिलाय, एकदा रोख आणि एकदा जीपेने, आणि सोळा नंबरवाल्यांची पावती फाडलीय पण पैसे आलेलेच नाहीत. मग स्वतः सोळा नंबरची बेल वाजवून पैसे घेऊन आली. ते शेवटचं मला जास्त आवडलं. त्या आजोबांकडून पैसे काढणं म्हणजे खाऊ नाही.

हे सगळं मी जेवताना बोललो. भाऊजी म्हणाले, 'हिशोब करायला डिग्री लागते होय?' मी बोललो, 'तुमच्या चार काका लोकांत दोन इंजिनिअर होते.' तिथे जरा जास्तच झालं.

सध्या ती दोन्हीकडचे फॉर्म भरतेय. 'मामा, तू नको येऊस आता काही दिवस,' असा मेसेज आलाय तिचा. ताईने मात्र उरलेला आमरस डब्यात घालून पाठवला, आणि भाऊजींनी तो डबा परत मागितलाय.