फुंकर

आमच्या संसारात भांडणाचे मुद्दे फार नाहीत. एकच आहे, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच: बेडरूमची खिडकी. बायकोला ती उघडी लागते, मला बंद. उघडी ठेवली की डास, धूळ, कुत्र्यांची संमेलनं आणि एसीचा गारवा यांची ये-जा सुरू होते. पहिले तिघे येतात, चौथा जातो. बंद केली की बायको गुदमरते. ‘अगं, एसी चालू आहे ना, हवा येतेय की,’ हे वाक्य मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे म्हणत आलो.

मग लेकीने वाढदिवसाला एक डबी दिली. मुठीत मावेल एवढी, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी. गॅलरीत धरली तर आकडा ४३० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३०. दिवसभर मी ती पुढे धरून घरभर फिरलो, वाड्यात भूत शोधणाऱ्या मांत्रिकासारखा. रात्री उशाशी ठेवली. खिडकी अर्थातच बंद. पहाटे साडेपाचला पाहतो तर २३४०.

मला वाटलं, डबी बिघडली. डबी धडधाकट होती. माणूस नाकातोंडातून जी हवा सोडतो तिच्यात जवळजवळ ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, आणि आम्ही दोघं ती रात्रभर इमानेइतबारे सोडत होतो. मग एसी काय करत होता? भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि साळसूदपणे परत देतो. इतकी वर्षं मी जिला ताजी हवा म्हणत होतो, ती माझीच शिळी हवा होती, गार करून वाढलेली. बायकोने आकडा पाहिला, मग मला पाहिलं आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

पळवाट म्हणून एअर प्युरिफायर आणला. धूळ कमी झाली, आकडा जागचा हलला नाही. फिल्टरने कार्बन डायऑक्साइड पकडणं म्हणजे चाळणीने पाण्यातलं मीठ गाळणं.

मग मी वाचायला लागलो. (मी वाचायला लागलो की घरातले सावध होतात.) खोलीत १००० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा दंडक म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवला होता. हेच गृहस्थ पुढे १८९२ मध्ये, कॉलऱ्याला नुसते जंतू पुरत नाहीत हे दाखवायला, कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी प्यायले आणि जगले. इतक्या हट्टी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली आणि ती बायकोला सांगण्याची घोडचूक मी केली. १७७६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अ‍ॅडम्स या अमेरिकन नेत्यांना प्रवासात एकाच खोलीत, एकाच पलंगावर झोपावं लागलं. अ‍ॅडम्सना रात्रीच्या हवेची धास्ती, त्यांनी खिडकी लावली. फ्रँकलिन म्हणाले, उघडा, गुदमरून मरू. अ‍ॅडम्स खिडकी उघडून पलंगावर आले आणि फ्रँकलिननी हवा आणि सर्दी यांवर व्याख्यान सुरू केलं. ते ऐकता ऐकता अ‍ॅडम्सना झोप लागली.

‘आणि खिडकी?’ बायकोने विचारलं.

‘उघडीच राहिली.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि उठून तिने खिडकी उघडली.

शेवटी तोडगा निघाला एका पेटीचा. नाव मोठं, एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, पण कल्पना साधी. एक पंखा घरातली वापरलेली हवा बाहेर काढतो, दुसरा बाहेरची गाळून आत घेतो. पेटीच्या गाभ्यात हे दोन्ही प्रवाह पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात, एकमेकांत न मिसळता. अबोला धरलेल्या दोन भावांनी मधल्या भिंतीवरून देवाणघेवाण चालू ठेवावी, तसं. जाणारी गार हवा येणाऱ्या गरम हवेला आपला गारवा देऊन जाते, थंडीत उलट. दमटपणाचीही बरीचशी अदलाबदल होते. चांगल्या पेटीत तीन चतुर्थांशाच्या आसपास वसुली होते. निरोप घेणाऱ्या पाहुण्याच्या खिशातून इतकं परत काढून घेणं मला तरी कधी जमलेलं नाही. आणि घरगुती पेटीचे पंखे खातात किती, तर काही दिव्यांइतकी वीज.

पेटी बसवणं हा मात्र स्वतंत्र छळ. भिंतीला दोन मोठी भोकं पाडली, तीही लांब लांब. जवळ पाडली तर टाकलेलीच हवा आपण पुन्हा आत ओढतो. डक्ट, म्हणजे हवेची नळी, कुठेही चेपायचा नाही, नाहीतर पंखा ओरडतो आणि हवा येत नाही. माझा आग्रह होता की शेगडीवरचा धूरही याच पेटीतून जावा. मिस्त्रींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘साहेब, तेलकट वाफ आत गेली की गाभा बाद. तिला वेगळी चिमणी.’ मग त्यांनी बेडरूमच्या दाराखाली बोटभर फट ठेवली, हवेला घरभर फिरता यावं म्हणून. त्या फटीतून आता हवेबरोबर आमची भांडणंही हॉलपर्यंत फिरतात.

पण पेटी चालू झाली आणि पहाटेचा आकडा ७८० आला. खिडकी बंद, डास बाहेर, गारवा आत. मी आकड्याचा फोटो नातेवाइकांना पाठवला. कोणी उत्तर दिलं नाही. दोन महिन्यांनी फिल्टर काढला तेव्हा तो इतका काळा निघाला की त्याचाही पाठवला. त्यावर मात्र मेव्हण्याचा फोन आला, ‘तब्येत बरी आहे ना?’

पेटीला बेडरूमसाठी एक सेन्सर आहे. खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढला की पंखे आपोआप जोर धरतात, कमी झाला की मंदावतात. उगाच वीज जाळायची नाही. तो सेन्सर बायकोच्या बाजूच्या भिंतीवर, उशीपासून हातभर अंतरावर बसलाय. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मध्यरात्री पेटी अचानक घोंघावायला लागली. पाहतो तर सेन्सरवर ५०००, त्याच्या पट्टीचं शेवटचं टोक. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सेन्सर तपासला, डक्ट तपासले, पेटी उघडून पाहिली, सगळं ठणठणीत. जाताना त्यांनी विचारलं, ‘झोपतं कोण या बाजूला?’

काल मी जागा राहिलो. घोरल्याचं सोंगही बेमालूम वठवलं. दोन वाजता अंधारात बायको कोपरावर उठली, भिंतीकडे सरकली, गाल फुगवले आणि सेन्सरवर एक लांबलचक फुंकर मारली. पंखे जोर धरू लागले. छताच्या जाळीतून तिच्या अंगावर झुळूक आली.

‘आता कसं मोकळं वाटतंय,’ ती स्वतःशीच पुटपुटली आणि पाठ फिरवून झोपली.