‘घरच्यांना कशाला शिक्षा?’ : अंदमानच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

वयाने वडील असल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. अंदमानच्या सहलीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही काय लिहिलंत ते बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. व्हीलचेअरवरच्या बाईने बेटावर जायचा हट्ट धरला, नवऱ्याला हमाल केलं, मुलांची सुट्टी वाया घालवली. समुद्रच बघायचा तर अलिबाग काय वाईट? सोयी नाहीत तिथे त्या होईपर्यंत जाऊ नये. आणि शेवटी हे, की तुमच्या पत्नीची डावी बाजू पक्षाघाताने गेली आहे, पण ‘आम्ही असले हट्ट करत नाही’. त्या शेवटच्या ओळीमुळेच हे सविस्तर उत्तर लिहितेय.

बोटीत चढताना नवऱ्याने आणि दोन खलाशांनी मला खुर्चीसकट उचललं, हे मीच लेखात लिहिलं होतं. मुद्दाम लिहिलं होतं, कारण जाणाऱ्याला ते आधी कळायला हवं. जेट्टी जागची हलत नाही, पण बोट भरती-ओहोटीबरोबर मीटर-दोन मीटर वरखाली होते. त्यामुळे मधली फळी कधी जवळजवळ आडवी असते, तर कधी इतकी उभी की धडधाकट माणूसही कठडा धरून उतरतो. कोणत्या फेरीला फळी आडवी असेल ते बोटवाल्यांना नेमकं ठाऊक असतं. जाताना आम्हाला वेळ निवडता आली नाही म्हणून उचलावं लागलं. परतताना विचारून तिकीट काढलं आणि मी माझ्या हातांनी चाकं फिरवत बोटीत गेले. माझ्या नवऱ्याने ज्याला हात लावला, ते काम खरं तर एका बऱ्या उताराचं आहे. तो उतार नाही याचा राग तुम्हाला माझ्यावर का यावा?

आता मुलांची सुट्टी. मुलं बापाबरोबर एलिफंट बीचला जाऊन प्रवाळ बघून आली. तिथे लहान बोटीतून किंवा जंगलातून चालत जावं लागतं, मला नको होतं, मी गेले नाही. सासूबाई आणि मी त्या वेळात राधानगर किनाऱ्यावरच्या झाडांच्या सावलीत बसलो होतो. सेल्युलर जेलमध्येही तसंच. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि वर जायला जिनाच. मुलं वर गेली, मी खाली अंगणात थांबले. तुरुंगाच्या सात लांब इमारतींपैकी उरलेल्या तीन इमारती बघत बसायलाही तेवढा वेळ हवाच असतो. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून बघितला. कुटुंबाच्या सहलीत प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी पोचलंच पाहिजे, हा नियम धडधाकट माणसांच्या घरात तरी कुठे पाळला जातो? आमच्या सासूबाई दुपारी झोपल्या तेव्हा त्यांची सुट्टी वाया गेली असं कोणी म्हटलं नाही.

पाण्यात उतरलेच नाही तर समुद्राचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. मी उतरले, काका, आणि कशी उतरले ते सांगते, कारण हे नीट लिहिलेलं मला मराठीत कुठे सापडलं नव्हतं.

कोरड्या वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. खुर्ची पुढे ढकलली की ती आणखी खोल जातात आणि बसलेला माणूस तोंडावर येतो. म्हणून खुर्ची किंचित मागे कलती करून मोठ्या चाकांवर उलटी ओढायची. ओली, दबलेली वाळू लागली की ती पुन्हा सरळ चालते. रबरी फुगीर चाकांच्या वाळूतल्या खुर्च्या असतात, त्या मिळाल्या तर उत्तमच. आम्ही हॉटेलातून एक साधी प्लास्टिकची खुर्ची मागून नेली होती. पाण्याच्या कडेला मी तीत सरकले आणि माझी खुर्ची कोरडीच राहिली. जीवरक्षकाला आधी सांगून ठेवलं होतं. नवऱ्याने आणि मुलीने दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची खुर्ची उचलून पोटऱ्याभर पाण्यात ठेवली. तिथून पुढे मी खुर्ची सोडली.

माझी दुखापत मणक्याची आहे, कमरेखाली जाणीव नाही. घरी हे पाय मी हातांनी उचलून पलंगावर ठेवते. समुद्रात ते आपोआप वर आले. नवरा डोक्यामागे, त्याचा एक हात मानेखाली, मुलगी बाजूला, सासूबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहून सूचना देत होत्या. मी पाठीवर तरंगत होते आणि अपघातानंतर पहिल्यांदाच माझ्या शरीराचं वजन कोणावरही नव्हतं, खुर्चीवरही नाही. हे सुख मला पुण्यात बसून मिळालं नसतं. ते दुसऱ्या कोणी माझ्या वतीने नाकारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

जाणिवेचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि इथे हयगय चालत नाही. खुर्चीची पाय ठेवायची धातूची पट्टी उन्हात तापली की पाय भाजतो आणि मला ते कळत नाही, म्हणून त्यावर ओला टॉवेल. ओल्या कपड्यांत बसून राहिलं की शय्याव्रणाची, म्हणजे सततच्या दाबाने कातडीला होणाऱ्या जखमेची, सुरुवात होऊ शकते, म्हणून पाण्यातून निघाल्याबरोबर कपडे बदलायचे आणि त्याच रात्री कातडी तपासायची. वाळू आणि मीठ चाकांच्या बेअरिंगमध्ये गेलं तर चाकं करकरायला लागतात. गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा थेंब सोडायचा. शिवाय तिथे घड्याळ आपलंच पण सूर्य आपला नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारालाच मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा निघालात तर वाळूतून परतताना अंधार गाठतो.

सोयी झाल्यावर जा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. राधानगरला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. त्या मानांकनाच्या निकषांत अपंग व्यक्तींसाठीच्या सोयीही येतात. निकष कागदावर असतात. ते वाळूवर उतरले का हे बघायला खुर्ची घेऊन कोणीतरी जावं लागतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये व्हीलचेअरसाठी पाण्याच्या दिशेने लाकडी मार्ग झाला. पुढच्याच महिन्यात मँदोस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली. दुरुस्त करून तो पुन्हा सुरू केला गेला. अपंगांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून तो मार्ग झाला. अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे राजीव रतुरी यांनी सार्वजनिक जागा सुलभ व्हाव्यात म्हणून 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सुलभतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असं न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं. मधली सगळी वर्षं आम्ही घरात थांबायचं होतं का? 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातले किती जण तुम्हाला समुद्रावर दिसतात?

आता अलिबाग. तुम्ही ते मला गप्प करायला सुचवलंत, पण तुमच्या घरासाठी ते खरंच चांगलं आहे, म्हणून मनापासून सांगते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. गाडी थेट बोटीत चढते, त्यामुळे काकूंना फळीवरून उचलायचा प्रश्न नाही. अलिबागला ओहोटीच्या वेळी टांगे कुलाबा किल्ल्यापर्यंत जातात, म्हणजे ती वाळू चाक पेलते. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा आणि सकाळची ओहोटी असेल तो दिवस धरा. किल्ल्याकडे फार लांब जाऊ नका, पाणी भराभर परत येतं. पुढे कधी बेटच हवं असेल तर दीवचा विचार करा. तिथे पुलावरून गाडीने जाता येतं, बोट लागत नाही.

पण त्याआधी काकूंना विचारा. ‘आम्ही’ हट्ट करत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यात त्या किती आणि तुम्ही किती, ते मला कळलं नाही. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला, तो त्यांचा निर्णय.

हो म्हणाल्या तर हॉटेलला फोन करून ‘व्हीलचेअर चालते ना’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. दाराची रुंदी इंचांत विचारा, न्हाणीघराचा उंबरठा किती, कमोडशेजारी भिंतीला दांडी आहे का आणि ती बसल्यावर उजव्या हाताला येते का, याचा फोटो मागवा. काकूंचा चालता हात उजवा आहे, डावीकडची दांडी त्यांच्या उपयोगाची नाही. गाडीतून उतरवतानाही उजवी बाजू खुर्चीकडे येईल असं बघा. आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा की डाव्या हाताला धरून ओढायचं नाही. पक्षाघातानंतर तो खांदा सैल झालेला असू शकतो आणि जत्थ्याने उचलायला धावणाऱ्या भल्या माणसांना ते ठाऊक नसतं.