तिसरा उद्गार सिस्टरांना का दिला?

भाऊ, सप्रेम सलाम.

गुड फ्रायडेला आमच्या गावात चार मंडळ्यांनी, म्हणजे चार वेगवेगळ्या चर्चनी, मिळून वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना केली, त्यावर मी लिहिलं होतं. क्रुसावर येशू जी सात वाक्यं बोलला, त्यातल्या एकेकावर एकेकानं बोलायचं, अशी ती उपासना. तुमचे आक्षेप तीन. तिसरा उद्गार, तोही येशूनं आपली आई मरीया हिला एका शिष्याच्या हाती सोपवल्याचा, कॅथलिक सिस्टरांना बोलायला देणं ही सत्याशी तडजोड आहे. बाप्तिस्म्याबद्दल ज्यांचं एकमत नाही त्यांनी एका व्यासपीठावर बसू नये. आणि अशा मैत्रीतूनच मेंढरं पळवली जातात, म्हणजे एका मंडळीची माणसं दुसरी मंडळी ओढून नेते.

मेंढरांचं आधी घेतो, कारण ते दुखणं माझंही आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतली दोन घरं एका नव्या प्रार्थनागटाकडे गेली. कुणी सांगितलं नाही, रविवारी जागा रिकाम्या दिसल्या तेव्हा कळलं. त्या गटाच्या पाळकांशी आम्ही दोन वर्षं अबोला धरला. त्यातल्या एका घरी लग्न झालं, आमच्यापैकी कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही, आणि ते मला अजून खुपतं. अबोल्यानं एकही घर परत आलं नाही.

बोलणं सुरू झालं ते एका मयतीपासून. जुलैची झड लागलेली, आमचे पाळक नागपूरला दवाखान्यात भरती, आणि मंडळीतली एक म्हातारी गेली. कब्रस्तान काळ्या मातीचं. जितकं खोदावं तितकं पाणी भरायचं. तेव्हा त्याच गटातली पोरं फावडी घेऊन आली, बादल्यांनी पाणी उपसत दुपारपर्यंत राबली, आणि त्यांच्या पाळकांनी प्रार्थना केली. आमच्यातल्या एकानं नाराजीनं काही म्हटलं, तर म्हातारीची बहीण त्याला म्हणाली, "माती द्यायले कोनी मंडळी इचारते का बाप्पा?"

त्यानंतर चारही मंडळ्यांचे वडीलधारे कारभारी बसले आणि एक गोष्ट ठरली. दुसऱ्या मंडळीतलं कुटुंब आपल्याकडे आलं, तर पहिला फोन त्यांच्या पाळकांना करायचा. भांडण असेल तर आधी ते मिटवायला मदत करायची, आणि तरीही यायचं असेल तर दोन्ही पाळकांनी मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. हा नियम मैत्रीमुळेच पाळला जातो. ज्याचा नंबरही आपल्याकडे नाही, त्याला फोन कोण करणार?

आता सिद्धांताचं. भाऊ, आपण अमुक पंथाचे का, हे आपल्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सिद्धांत नसता सांगितला, ज्या परदेशी धर्मप्रचारक संस्थेकडून विश्वास मिळाला त्या मिशनचं नाव सांगितलं असतं. मिशनांनी एकमेकांच्या कामात अडथळा नको म्हणून भाग वाटून घेतले होते. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, नागपुरात स्कॉटिश. रेघ कुठून गेली यावर आपल्या घराण्याचा पंथ ठरला. त्या पंथातून आपल्याला जे मिळालं ते मोलाचंच आहे, मी ते सोडायला सांगत नाही. पण त्या रेघेला देवानं घातलेली भिंत समजू नये, एवढंच म्हणतो.

बाप्तिस्म्यावर एकमत नसताना एकत्र राहता येतं का, याचं उत्तर आपल्याच विदर्भात आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट व ब्रेदरनही होते. दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य झाल्या. सोपं नव्हतं ते. 1929 पासून चर्चा चालली, आणि अमेरिकन परंपरेतले मेथॉडिस्ट ऐन शेवटी बाजूला राहिले. चाळीस वर्षं माणसं एकमेकांशी बोलत राहिली, ही मला तडजोड वाटत नाही. यवतमाळातही 1953 साली पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत वेगवेगळ्या मंडळ्यांचे पाळक तिथे एकाच वर्गात शिकले.

आणि आम्ही तर विलीनीकरण केलेलंच नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षारस, एकत्र घेतलं नाही. कॅथलिक मंडळीतही त्याची सर्रास मोकळीक नाही. आम्ही फक्त एकत्र बसून वचन ऐकलं.

सिस्टर काय बोलल्या, हे तुम्ही ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मरीयेला प्रार्थना करा, असं त्या म्हणाल्या नाहीत. डोळ्यांदेखत मूल मरताना पाहणाऱ्या आईबद्दल बोलल्या. मरतानाही येशूला तिच्या घराची काळजी होती, आणि त्याच घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं, एवढंच त्यांनी दहा मिनिटं समजावलं. समोर तीन बाया बसल्या होत्या, ज्यांच्या घरातल्या कर्त्या माणसानं कर्जापायी जीव दिला आहे. एक आमच्या मंडळीची, एक कॅथलिक फादरांच्या, एक त्या प्रार्थनागटाची. उपासना संपल्यावर तिघी एका चटईवर बराच वेळ बसून होत्या.

पुढच्या वर्षी पाचवा उद्गार तुम्ही घ्यावा, अशी माझी विनंती आहे. आदल्या दिवशी दुपारीच या, मुक्काम आमच्याकडे करा. फादरांना आणि प्रार्थनागटाच्या पाळकांनाही बोलावतो. बाप्तिस्म्याबद्दल तुम्हाला जे म्हणायचं आहे, ते त्यांच्यासमोर म्हणा.