भांगेची बॅटरी लिथियमच्या आठपट? नाही!

‘हेम्पच्या सालीची बॅटरी लिथियमपेक्षा आठपट ताकदवान असते, ती शेतात फुकट पिकते, पण कंपन्यांनी दडपून ठेवली आहे’ असा मजकूर गेली काही वर्षं फिरतोय. हेम्प म्हणजे आपली अंबाडी किंवा ताग नव्हे. ती भांगेचीच, नशेचा अंश अगदी कमी असलेली जात.

आधी बॅटरीचं पाहू. २०१३ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड मिटलिन यांच्या गटाने हेम्पच्या सालीतल्या धाग्यांपासून कार्बनचे अतिपातळ पापुद्रे तयार केले. ग्रॅमभर कार्बनला २,२८७ चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग! काम खरोखर देखणं आहे, पण त्यातून बनला तो सुपरकॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारं, पण बॅटरीहून वेगळं उपकरण. लिथियम बॅटरीत आयन (विजेचा भार असलेले कण) इलेक्ट्रोडच्या, म्हणजे बॅटरीच्या टोकांच्या, आत शिरून बसतात. इथे ते पृष्ठभागाला नुसते चिकटतात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो नि रिकामा होतो, पण साठवतो थोडंच. या उपकरणाची साठवण होती किलोमागे जास्तीत जास्त १२ वॉट-तास. लिथियम-आयन सेलची साधारण १५० ते २५०. बाजारातल्या सुपरकॅपॅसिटरांपेक्षा आपलं उपकरण सरस, एवढाच संशोधकांचा दावा होता.

मग ‘आठपट’ कुठून आलं? एका ब्रिटिश यूट्यूबरने स्वतः केलेल्या चाचणीवरून. मिटलिन यांच्या गटाच्या शोधनिबंधात ते नाही.

‘फुकट’ही नाही. साल सुमारे १८० अंशांवर दिवसभर शिजवायची, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या दाहक अल्कलीबरोबर ७००-८०० अंशांवर तापवायची, शेवटी धुऊन अल्कली काढायची. खर्च या भट्टीत आहे. शिवाय भारतात हेम्पच्या लागवडीला परवाना लागतो; ‘बॅटरीचं पीक’ म्हणून कुणी बियाणं गळ्यात मारत असेल, तर शेतकऱ्याने आधी परवान्याचं विचारावं.

दडपल्याचं म्हणाल, तर शोधनिबंध छापून आला आणि २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रसायनशास्त्र परिषदेत तो मांडलाही गेला.

मला वाईट वाटतं ते याचं, की या गोंधळात खरी गोष्ट झाकली जाते. वनस्पतींचा कार्बन आज बाजारात आहे आणि सुपरकॅपॅसिटरमध्ये सर्रास वापरला जातो. तो येतो नारळाच्या करवंटीपासून. लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीत तर लिथियम बॅटरीतलं नेहमीचं ग्रॅफाइट चालत नाही, कारण सोडियम त्याच्या थरांत नीट शिरत नाही. तिथे लागतो हार्ड कार्बन, म्हणजे थर विस्कळीत असलेला कार्बन, आणि तोही करवंटीपासून बनवता येतो. कोकणात हीच करवंटी आपण चुलीत घालतो.