बोन्साय पंधरा दिवस बिनपाण्याचे? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. कुंडीखालच्या बशीत काठोकाठ पाणी भरा, मातीत पाण्याची बाटली उलटी खोचा, डायपरमधले जेल मिसळा, झाडाला पारदर्शक पिशवी घालून खिडकीत ठेवा, निघण्याआधी खत द्या आणि पंधरा दिवस निर्धास्त गावाला जा, असा त्याचा मथितार्थ. यांतले एखाद-दुसरे मोठ्या कुंडीतल्या मनीप्लांटला चालूनही जाईल. बोन्सायच्या, म्हणजे उथळ कुंडीत खुजे ठेवून वाढवलेल्या झाडाच्या बाबतीत मात्र मूळ कल्पनाच चुकते, कारण यातले बहुतेक उपाय कुंडीत पाणी साठवू पाहतात आणि उथळ कुंडीत साठवणीला जागाच नसते.

हिशेबच करून पाहावा. 30 सेंटिमीटर लांब, 20 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर खोल कुंडीत जेमतेम 3 लिटर माती मावते आणि पुरती भिजल्यावर ती साधारण 1 लिटर पाणी धरते. नागपूरकडच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात दिवसाला 10 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी एवढ्या पृष्ठभागावरून 600 मिलिलिटर पाणी उडून जाते. फांद्यांचा पसारा कुंडीबाहेर गेलेला असेल, तर खर्च त्याहून अधिक. थोडक्यात, ही कुंडी दोन दिवसही धड काढत नाही. मुंबईच्या दमट हवेत वेग कमी असतो, पण म्हणून दोनाचे पंधरा होत नाहीत.

बशीचा सल्ला सर्वांत घातक आहे. पाणी निथळून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी मातीचा एक चिंब थर उरतो, आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. त्यामुळे खोल कुंडीत नगण्य असणारा हा थर बोन्सायच्या कुंडीत मुळांची बरीचशी जागा व्यापतो. त्यात बशी भरून तळाची छिद्रेही बुडवली, तर मुळांना हवा मिळण्याचा मार्गच बंद होतो. उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी त्याच वेळी तापलेल्या मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. वड-उंबराची जात हे काही दिवस सोसते. जेड आणि अडेनियम ही पाने-खोडांत पाणी साठवणारी झाडे सडतात. शिवाय उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात, हा शेजाऱ्यांना मिळणारा नजराणा वेगळाच. बशीत खडे पसरून कुंडी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायला हरकत नाही, पण त्याने माती भिजत नाही, हे लक्षात ठेवावे.

उलट्या बाटलीचे काम कुठे फसते, ते जाण्याच्या आधी आठवडाभर घरीच पाहता येते. बाटलीत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही आणि चिकट, बारीक माती ती हवा अडवून धरते. म्हणून साध्या कुंडीत बाटली हळूहळू रिकामी होते. बोन्सायच्या मिश्रणात विटांचे तुकडे आणि जाड वाळू असते. तिथे बाटली खोचताच आत बुडबुड्यांची रांग लागते, मातीवरचे शेवाळ क्षणभर तरंगते आणि बघता बघता सगळे पाणी तळाच्या छिद्रांतून फरशीवर येते. दोष बाटलीचा नाही. चांगला निचरा हाच तर त्या मिश्रणाचा गुण आहे.

डायपरमधले जेल म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. शेतीसाठी सहसा पोटॅशियमयुक्त जेल वापरतात, ते उगाच नाही: सोडियम मातीत उतरले तर मुळांना अपाय करते. बोअरवेलच्या जड पाण्यात जेल फुगतेही कमी, आणि जेवढे फुगते तेवढे उथळ कुंडीतली माती व बारीक मुळे वर ढकलते.

पिशवीच्या उपायात अर्धे तथ्य आहे. दाट सावलीत, काही दिवसांपुरती, सैल बांधलेली पिशवी बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून पाणी उडून जाणे, रोखते. तीच पिशवी पश्चिमेच्या खिडकीत घातली, तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते आणि पाने शिजून निघतात. खताबद्दल एवढेच पुरे की माती सुकत जाते तसे तिच्यातले क्षार दाट होतात आणि मुळांना पाणी ओढणे अवघड होते.

मग करायचे काय? पाण्याचा खर्च घटवायचा. कुंड्या कठड्यावरून उतरवून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला, जमिनीवर, वाऱ्याच्या आडोशाला, 50 टक्के सावलीच्या शेडनेटखाली एकत्र ठेवाव्यात. मोठ्या घमेल्याच्या तळाला छिद्रे पाडून त्यात ओली वाळू भरावी आणि कुंडी काठापर्यंत पुरावी. मुळांभोवतीचे तापमान उतरते आणि वाळूतला ओलावा काही प्रमाणात वर चढतो. लांब वाढलेले शेंडे छाटावेत. बंद, अंधाऱ्या खोलीत मात्र झाडे कोंडू नयेत. फायकस, म्हणजे वड-उंबराची जात, अशा अचानक बदलाने पाने ढाळते. एवढे करूनही तीन-चार दिवसांपलीकडच्या प्रवासाला पाणी घालणारा माणूस लागतोच, आणि त्याला ‘रोज पाणी घाला’ असे मोघम सांगण्यापेक्षा कोरडी आणि भिजलेली कुंडी एकेकदा उचलायला लावून वजनातला फरक दाखवून द्यावा. टायमरवरचे ठिबकही चालते, पण ते घरी असतानाच आठवडाभर चालवून पाहावे आणि नळाला पाणी नसेल त्या दिवसाचाही विचार करावा. जेड आणि अडेनियम यांना यातले फारसे काही लागत नाही. ती सावलीत दोन आठवडे बिनपाण्याची सहज राहतात.

संदेशाचा शेवटचा सल्ला असा की, परतल्यावर झाड निष्पर्ण दिसले तर लगेच भरपूर पाणी आणि खत द्यावे. त्याआधी फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे. पण पानेच नसल्याने त्याचा पाण्याचा खर्च अगदी थोडा असतो, म्हणून माती एकदा पूर्ण भिजवून, वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा पाणी घालू नये, कुंडी सावलीतच ठेवावी आणि नवी पाने पुरती उमलेपर्यंत खताला हात लावू नये.