कचरागाडी दारात येते, तरी मी गांडुळं का पाळते

सकाळी गाणं वाजवत गाडी आली की आमच्या रामबागेतल्या गल्लीत सगळे ओला-सुका घेऊन पळतात, माझ्या हातात मात्र सुक्याचाच डबा असतो. शेजारच्या काकू परवा पुन्हा म्हणाल्या, "अगं, रोज गाडी येते ना, मग घरात किडे कशाला?"

काकूंचं चूक नाही. आमच्या इंदूरचा स्वच्छतेतला 2017 पासूनचा पहिला नंबर काही उगाच नाही, देवगुराडियाला रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायचा प्लांट 2022 मध्ये सुरू झाला, मला त्याचा अभिमानच आहे. पण बघा ना, भाजीची सालं म्हणजे बहुतेक पाणीच, ते आपण इंधन जाळून शहराबाहेर धाडतो आणि रविवारी नर्सरीत जाऊन पैसे देऊन खताची पिशवी आणतो! हे मला पटत नाही, म्हणून ओला कचरा घरीच गांडुळांना घालून खत करते.

माझी पहिली गांडुळं मेली. एप्रिलअखेर टब गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेला, त्यात उरलेले पोहे शेवेसकट टाकले, मीठ, तेल आणि वरून ते ऊन. गांडूळ कातडीनेच श्वास घेतं, ओल गेली की संपलं, 35 डिग्रीच्या वर तर त्याचं कठीणच, हे नंतर कळलं. फार वाईट वाटलं होतं.

आता टब जिन्याखाली अंधारात, बुडाला भोकं, आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं वाळलेलं शेण (ताजं नको, ते गरम होतं), वर ओलं गोणपाट. लिंबू-मोसंबीची सालं, कांदा-लसूण, तेलकट, दूध-दही काही टाकत नाही, बाकी गिलक्याची, केळ्याची सालं, चहाचा धुतलेला चोथा सगळं चालतं. आणि गांडुळं ती लाल बारीकच हवीत, शास्त्रीय नाव आयसेनिया फेटिडा, बागेतली मातीत खोल जाणारी इथे टिकत नाहीत.

काल रात्री टॉर्च घेऊन गोणपाट उचललं तर टरबुजाच्या सालीचा पांढरा गर पार गायब, हिरवा पापुद्रा तेवढा कागदासारखा उरलेला, त्याच्याखाली गुंतवळच्या गुंतवळ, उजेड पडला तशी सरसर खाली गेली. कडेला मोहरीहून जरा मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर कोष, एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. आणि वास? कुजका अजिबात नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा. कुजका आला तर समजायचं खाणं जास्त झालंय, दोन दिवस काही टाकायचं नाही, सुका पेपर फाडून घालायचा.

दोन-अडीच महिन्यांत चहापत्तीसारखं काळं रवाळ खत निघतं, यंदाचा मोगरा त्यावरच आहे.

टब आता भरलाय, मूठभर गांडुळं कुणाला हवी असतील तर संध्याकाळी या, डबा आणा, झाकणाला भोकं पाडून.